कणगीत किती, आणि खाणारी तोंडं किती?



मागच्या बैठकीत हप्त्यांची वही मिटली आणि चहा होईपर्यंत एका ताईंनी फोनवर आलेला निरोप वाचून दाखवला. चीननं जगातला निम्मा गहू कोठारात भरून ठेवलाय आणि आपल्या सरकारची कोठारं रिकामी होत चाललीत, असं त्यात लिहिलेलं. झालं! चहा बाजूला राहिला. कुणी म्हणालं, युद्धाची तयारी दिसते. कुणी म्हणालं, आपल्याकडचं कुणी खाल्लं ते आधी शोधा. कोपऱ्यातून एक आजी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपलं रेशन बंद होणार का गं?"

खरा प्रश्न आजींचाच होता. आज त्याचंच उत्तर बघू, पण जरा बैजवार. दोन देशांच्या साठ्यांची तुलना करणं म्हणजे दोन घरांच्या कणग्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. नुसतं वरून डोकावून काही कळत नाही.

आपल्या गटाच्या वहीत चार रकाने असतात ना? आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. देशाच्या धान्याचंही तसंच असतं. मागचं उरलेलं, त्यात नव्या हंगामात आलेलं, त्यातून वाटलेलं, विकलेलं, वाया गेलेलं, आणि मग उरलेलं. फोनवरचे निरोप फक्त शेवटचा रकाना सांगतात. तो कमी झाला की घाबरायचं आणि वाढला की टाळ्या वाजवायच्या. पण एखाद्या गटाची शिल्लक कमी झाली ती बायकांना कर्ज दिलं म्हणून की पैसे बुडाले म्हणून, हे मधले रकाने बघितल्याशिवाय कुणाला सांगता येईल?

आधी तारखेचं बघू. माझ्या सासूबाई कणगीवर बाहेरून थाप मारून आत किती आहे ते सांगायच्या. पण शाळू निघायच्या आधी माघात थाप मारली तर आवाज पोकळच यायचा. त्यावरून कुणी म्हणालं असतं का, की घर बुडालं? आपल्या सरकारचा गव्हाचा साठा दर १ एप्रिलला सगळ्यात कमी असतो, कारण पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातला नवा गहू तेव्हा कुठे बाजारात यायला लागलेला असतो. म्हणून सरकारनं राखीव साठ्याचा नियमच तारखेप्रमाणे वेगवेगळा ठेवलाय. १ एप्रिलला निदान ७४.६ लाख टन गहू हवा आणि १ जुलैला २७५.८ लाख टन. तीनच महिन्यांत जवळजवळ चौपट! त्यामुळे एका देशाचा एप्रिलचा आकडा आणि दुसऱ्याचा जुलैचा, असं कुणी शेजारी मांडलं तर तिथंच थांबायचं.

एक टन म्हणजे दहा क्विंटल, म्हणजे पन्नास किलोची वीस पोती. आणि एक लाख टन म्हणजे अशी वीस लाख पोती.

आता आपला गहू एकाच तारखेला, १ एप्रिललाच, ओळीनं बघा. २०२१ मध्ये सुमारे २७३ लाख टन. २०२२ मध्ये सुमारे १९० लाख टन. २०२३ मध्ये ८३ लाख टनांच्या आसपास. २०२४ मध्ये ७५ लाख टन, म्हणजे सोळा वर्षांतला सगळ्यात कमी आणि नियमाच्या अगदी काठावर. निरोपातली तेवढी गोष्ट खोटी नव्हती. साठा खरंच घसरला होता.

का घसरला? २०२२ च्या मार्चमध्ये ऐन दाणा भरायच्या वेळी उत्तरेत कडक ऊन पडलं आणि गहू बारीक राहिला. त्याच सुमाराला रशिया आणि युक्रेनचं युद्ध पेटलं, जगात गहू महागला आणि व्यापारी हमीभावापेक्षा जास्त दर द्यायला लागले. शेतकऱ्यांनी गहू व्यापाऱ्याला घातला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आदल्या वर्षी सरकारी खरेदी ४३३ लाख टन झाली होती, त्या वर्षी ती १८८ लाख टनांवर आली. त्याच काळात, २०२० च्या एप्रिलपासून, करोनामुळे माणशी पाच किलो जादा धान्य फुकट वाटलं जात होतं. म्हणजे जमा आटली आणि खर्च वाढला. मे २०२२ मध्ये सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली, आणि त्या जादा धान्यात काही राज्यांचा गहू कमी करून तांदूळ वाढवला. त्यात आपला महाराष्ट्रही होता. त्या उन्हाळ्यात दुकानदार गव्हाऐवजी तांदूळ का मोजतोय म्हणून किती जणी त्याच्याशी भांडल्या होत्या, आठवतं? तो बिचारा काय सांगणार. कणगी एवढ्या लांब होती.

आता आजींच्या प्रश्नाकडे. रेशन आणि त्याला जोडलेल्या योजनांना वर्षाला सुमारे १८४ लाख टन गहू लागतो, म्हणजे महिन्याला पंधरा लाख टनांच्या थोडा वर. ७५ लाख टनांना त्यानं भागा. पाच महिने पुरेल एवढा गहू तेव्हाही होता, आणि नव्या हंगामाचा दारात यायला लागला होता. रेशन बंद पडायची वेळ नव्हती. पण बाजारात गहू ओतून भाव खाली आणायला हात मोकळा राहिला नव्हता, आणि त्याचा चटका रेशनकार्ड नसलेल्या किंवा दुकानातून आटा विकत घेणाऱ्या घरांना बसला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, साठा परत ११८ लाख टनांच्या आसपास आला. आणि गहू घसरत होता त्याच काळात तांदळाचा साठा फुगत होता. २०२५ मध्ये तर तो नियमाच्या दुपटीहून अधिक झाला आणि सरकारनं त्यातला तांदूळ इथेनॉल करायला दिला. म्हणजे एका कणगीत खडखडाट आणि दुसरीला टोके लागायची भीती!

आता शेजारच्या घरात जाऊ.

चीनमध्ये खाणारी तोंडं आपल्याएवढीच, एकशेचाळीस कोटींच्या घरात. त्यामुळे तुलना सोपी वाटते. पण तिथलं सरकार आपल्या राखीव धान्याचा पुरा हिशोब बाहेर सांगतच नाही. तो सरकारी गुपितात मोडत आलाय. आपल्याकडे अन्न महामंडळाचा आकडा दर महिन्याला छापून येतो, कुणीही बघावा. चीनचा आकडा बाहेरच्यांना अंदाजानं काढावा लागतो, आणि जगभर जास्त वापरला जातो तो अमेरिकेच्या शेतीखात्याचा अंदाज. चीनकडे निम्मा गहू, हे तिथूनच आलेलं. त्या अंदाजाप्रमाणे २०२२ च्या सुमाराला जगातल्या शिल्लक गव्हाचा साधारण निम्मा आणि शिल्लक तांदळाचा निम्म्याहून जास्त वाटा चीनकडे होता. शिल्लक हा शब्द निरोपातून गळून पडला. जगात पिकणाऱ्या गव्हाचा निम्मा नव्हे, तर खाऊन उरलेल्याचा निम्मा.

शिवाय त्या अंदाजात सरकारचं, व्यापाऱ्यांचं, गिरण्यांचं आणि शेतकऱ्याच्या घरातलं, असं सगळंच धान्य धरलेलं असतं. आपला आकडा मात्र फक्त सरकारी कोठारांचा. तुमच्या घरातली कोठी, पत्र्याची टाकी, राख नाहीतर कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला वर्षाचा गहू त्यात धरलेला नाही. एका घराची फक्त देवघरातली पेटी मोजायची आणि दुसऱ्या घराचं माळ्यावरचंसुद्धा, असा हा प्रकार आहे. गंमत म्हणजे २००१ मध्ये अमेरिकेच्या त्याच खात्यानं चीनच्या साठ्याचा अंदाज एकदम कितीतरी पटीनं वाढवला. एका रात्रीत काही गहू आला नव्हता. आधी जे हिशोबात नव्हतं, ते धरायला लागले एवढंच. कुणी तो आलेख नुसता बघेल तर म्हणेल, चीननं केवढी साठेबाजी केली!

आणखी एक गोष्ट, जी आपल्या कोकणातल्या आणि भंडारा-गोंदियातल्या बायकांना चटकन कळेल. चीन भाताचं पीक सालासकट मोजतो. आपण कांडून निघालेला तांदूळ मोजतो. २०२३ मध्ये चीनचं भात २०.६६ कोटी टन आणि २०२३-२४ मध्ये आपला तांदूळ १३.७८ कोटी टन. वाटतं, ते दीडपट पुढे. पण शंभर किलो भात गिरणीत घातलं तर सदुसष्ट-सत्तर किलोच तांदूळ हातात येतो, बाकी तूस आणि कोंडा. तेवढा वजा केला की दोघं जवळजवळ सारखेच उरतात. तिथं धान्याच्या बेरजेत सोयाबीन येतं, आणि बटाटा-रताळंसुद्धा येतात, पाच किलोला एक किलो धान्य धरून. आपण बटाटा भाजीत धरतो.

हे सगळं वळतं केलं तरी चीनचा गव्हाचा साठा आपल्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, हे मी लपवणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या धान्यखात्याच्या अधिकाऱ्यानंच सांगितलं होतं की दीड वर्ष पुरेल एवढा गहू आहे. एवढं का साठवतात? त्याचं उत्तर शोधायला साठेक वर्षं मागं जावं लागतं.

१९५८ मध्ये चीननं गावोगावी एकत्र शेती आणि एकत्र स्वयंपाक सुरू केला. वरच्यांना खूश करायला खालचे अधिकारी पिकाचे आकडे फुगवून सांगू लागले. एकानं दुप्पट सांगितलं की शेजारचा तिप्पट सांगे. सरकारनं त्या कागदावरच्या पिकाच्या हिशोबानं गावांतून धान्य उचललं. १९५९ मध्ये, लोक उपाशी असताना, चाळीस लाख टनांहून जास्त धान्य परदेशात विकलं. कागदावर होतं ना! १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. आजवरचा जगातला सगळ्यात मोठा दुष्काळ तो, आणि त्यात पावसाचा वाटा खोट्या वहीच्या मानानं लहान होता. अखेर १९६१ मध्ये चीनला कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडून गहू घ्यावा लागला.

आपलीही त्या दशकात बरी गत नव्हती. १९६६ मध्ये आपण बाहेरून एक कोटी टनांवर धान्य आणलं, बरंचसं अमेरिकेचं. जहाज बंदराला लागेल तेव्हा रेशनला धान्य, असे ते दिवस. अन्न महामंडळ त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, उभं राहिलं होतं. आणि १९७२ चा दुष्काळ तर आपल्या घरातलाच. खडी फोडायला गेलेल्या बायका, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर मिलो म्हटल्यावर तोंड कसं करतात ते बघा.

दोन्ही घरांनी भुकेचा धसका घेतलेला, पण पुढे वागणं वेगळं झालं. चीनमध्ये १९९५ पासून प्रत्येक प्रांताच्या प्रमुखाला तिथल्या धान्याला जबाबदार धरतात. त्याला तिकडे तांदळाच्या पिशवीची जबाबदारी म्हणतात, आणि भाजीच्या टोपलीची जबाबदारी शहराच्या महापौरावर! सरकारनं भाव देऊन धान्य घ्यायचं, कोठारं बांधायची, काही वर्षांनी जुनं विकून नवं भरायचं. पण तिथं आता आपल्यासारखं रेशन नाही, धान्याची कुपनं १९९३ मध्येच बंद झाली. त्यांचा साठा बराचसा उभा असतो. आपल्या कोठारातून ऐंशी कोटी माणसांना दर महिन्याला धान्य जातं. आपला साठा वाहता आहे. वाहत्या पाण्याची आणि तळ्याची उंची एकाच काठीनं मोजून कसं चालेल?

उभ्या साठ्याचंही काही सगळं गोड नसतं. २००७ नंतर चीननं मका चढ्या भावानं घ्यायला सुरुवात केली. शेतकरी मक्याकडे वळले आणि २०१६ पर्यंत वीस कोटी टनांवर मका साचल्याचे अंदाज होते. अखेर ती खरेदी थांबवून जुना मका लिलावात काढावा लागला. कापसाचंही तसंच झालं. २०११ पासून तीन वर्षं त्यांनी कापूस भरला, जगातल्या साठ्याचा निम्म्याहून जास्त त्यांच्याकडे गेला. तेव्हा आपल्याकडूनही गाठीच्या गाठी तिकडे जात होत्या. २०१४ मध्ये त्यांनी साठवणं सोडलं, बाहेरून घेणं कमी केलं आणि जगात भाव पडले. विदर्भ-खानदेशातल्या ज्या बहिणींच्या घरात कापूस भावाची वाट बघत पडून राहिला, त्यांना कुणी सांगितलं नसेल की त्यामागे हजारो किलोमीटरवरची एक कणगी होती.

आणि भरलेलं कोठार म्हणजे भरलेलं पोट नव्हे, हे आपणही बघितलंय. २००२ च्या जुलैमध्ये आपल्या सरकारकडे ६.३ कोटी टनांच्या आसपास धान्य होतं. तेव्हापर्यंतचा विक्रम! जागा नाही म्हणून पोती ताडपत्रीखाली उघड्यावर. आणि त्याच काळात राजस्थानात, ओडिशात दुष्काळी भागातली माणसं उपाशी होती, कारण रेशनचं धान्य घ्यायलाही हातात पैसा नव्हता. म्हणून २००१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं शाळेत मुलांना शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. आपल्यातल्या ज्या गटांच्या बायका शाळेत खिचडी शिजवतात, त्या पातेल्याची मुळं तिथं आहेत.

पण त्या ढिगाचा मोठा भाग गेला कुठे? निर्यातीला, गरिबांच्या रेशनच्या भावाच्या आसपास. साठा भराभर उतरला. १ एप्रिल २००६ ला गहू उरला फक्त २० लाख टन. मग आपणच परदेशातून पन्नास लाख टनांहून जास्त गहू आणला, तोही आपल्या शेतकऱ्याला दिलेल्या हमीभावापेक्षा महाग! आता ही घसरण आणि २०२१ ते २०२४ ची घसरण कागदावर काढा. दोन्ही रेघा सारख्याच खाली जाताना दिसतील. पण एकीत धान्य स्वस्तात देशाबाहेर गेलं, आणि दुसरीत बरंचसं आपल्याच लोकांच्या पोटात. चीनची रेघसुद्धा १९९८ नंतर अशीच खाली आली होती, आणि तिचं कारण तिसरंच. पडलेल्या भावामुळे लोकांनी पेरणी कमी केली. १९९८ चं ५१ कोटी टनांचं पीक २००३ मध्ये ४३ कोटींवर आलं, आणि तूट कोठारातून भरून काढली. पुढे २००६ मध्ये त्यांनी शेतीवरचा करच काढून टाकला. माझ्या मते साठ्याच्या बातमीत सगळ्यात कामाचा प्रश्न एकच. गेलं ते कुणाच्या दारात गेलं?

तेव्हा पुन्हा असा निरोप आला तर पुढे ढकलायच्या आधी बघा, तारीख कोणती, साल काढलेलं की सालासकट, फक्त सरकारचं की सगळ्यांचं, आणि किती महिन्यांचं. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर चहा गार होऊ देऊ नका.

आणि एक साठा असा आहे जो तुम्हाला कुणाच्या अंदाजावर सोडायची गरज नाही. तुमच्या गावच्या स्वस्त धान्य दुकानात फलक लावायचा नियम आहे. त्यावर महिन्याच्या सुरवातीचा साठा, आलेलं धान्य, वाटलेलं आणि शिल्लक लिहायला हवं. तेच चार रकाने. गावाच्या दक्षता समितीत बायकाही असतात, तुमच्या गटातली कुणी आहे का ते विचारा. येत्या महिन्यात तो फलक दोनदा वाचा, धान्य उतरलं त्या दिवशी आणि महिनाअखेरीला. आकडे वहीत लिहून आणा. फलकच नसेल तर तेही लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण ते शेजारी मांडू, आणि त्या दिवशी चहा माझ्याकडून.